चूक सांगणारा बोर्ड

नाना कॅमेरा घेऊन मांडवात शिरले की म्हाताऱ्या बायका पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. "माझ्यावर नगं रं धरू त्यो! मला एवढ्यात जायाचं न्हाई!" असं एखादी ओरडायची आणि अख्खा मांडव हसायचा. नाना मात्र हसत नसत. तिच्यासमोर उकिडवे बसायचे, "आत्ये, जायाचं तवा जा, कोण घाई करतंय? पर पदर तेवढा नीट घे," म्हणायचे आणि सरळ चेहऱ्याचा एक फोटो काढायचे. एकच. शेजारी नातवंडं नकोत, गळ्यात हार नको, हसायचं नाही, तोंड मिटलेलं. तिकडं नवरदेव दारात ताटकळत असायचा, नवरीच्या मामाचा हाका मारून घसा बसलेला असायचा. "नवरा-नवरी कुठं पळून जात न्हाईत," नाना म्हणायचे. "म्हातारी माणसं आधी."

त्या फोटोला ते दहाव्याचा फोटो म्हणत. ऐकायला अभद्र वाटतं, पण आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस गेलं की पहिली शोधाशोध होते ती फोटोचीच. दहाव्याला घाटावर फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर चेहरा लागतो, आणि जन्मभर राबलेल्या बाईचा घरात एक धड फोटो सापडेल तर शपथ. असतो तो आधार कार्डावरचा. त्यात तिला तिचा लेकही ओळखत नाही. मग लोक नारायणगावला नानांच्या स्टुडिओची पायरी चढायचे. नाना बाईचं नाव विचारायचे, गाव विचारायचे आणि ती कुणाकुणाच्या लग्नाला गेली होती ते विचारायचे. तेवढं विचारून घरी जायचे आणि दुसऱ्या सकाळी चेहरा घेऊन यायचे. या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही, आणि कुणी द्यायला लागलं तर चिडायचे.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याच रांगेत, तीन गाळे सोडून. नाना राहायला डिंभ्याला. सकाळची गाडी कधी यायची, कधी नाही; न आली तर मोपेडवरून एवढं अंतर तुडवत यायचे. सत्तरी गाठलेला माणूस, डोक्याला मफलर, पाठीला कॅमेऱ्याची पिशवी. दुकानात आले की नमस्कार नाही, रामराम नाही, थेट मुद्द्यावर. "राव, हे बघ," अशीच सुरुवात. मी स्वभावानं घाईचा माणूस. माझी चार कामं तुंबलेली असायची, आणि हे तासभर बसायचे. खरं सांगतो, कितीतरी वेळा मी त्यांना लांबून येताना बघून टेबलाखाली वाकलोय.

फोटो एवढे सांभाळायचं वेड त्यांना मुळापासून नव्हतं. त्यामागं एक बाई होती. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हाची गोष्ट. कार्डं लहान, महाग. फोटो दिले की कार्ड पुसायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. एका घरचं जावळ होतं. नानांनी फोटो काढले, पण ते लोक न्यायलाच येईनात. दोन महिने वाट बघून नानांनी कार्ड पुसलं. आणि त्याच आठवड्यात त्या पोराची आई आली. पोर तापानं गेलं होतं. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," नाना म्हणायचे. "चप्पल मारली असती तरी चाललं असतं. ती नुसती 'बरं' म्हणाली. 'बरं' म्हणाली न् पायरी उतरून गेली."

त्या दिवसापासून त्यांनी एक फोटो पुसला नाही. हललेला नाही, डोळे मिटलेला नाही. स्टुडिओतून कुणाला हात हलवत परत पाठवायचं नाही, एवढं एकच व्रत. आधी सीड्या झाल्या. सीड्यांना बुरशी धरली, म्हणून हार्ड डिस्का आल्या. तेवीस डिस्का, घरात बाजरीच्या पत्र्याच्या कोठीत, जुन्या स्वेटरांत गुंडाळलेल्या. ओल लागू नये म्हणून चपलांच्या खोक्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या गावभर मागून आणायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "बाजरी जमिनीवर न् मेलेली माणसं कोठीत. काय संसार हाय का ह्यो?"

मग एक दिवस एका फोटोवर जांभळी रेघ उठली. कुणा आजोबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आडवीतिडवी. नाना डिस्क घेऊन माझ्याकडं पळत आले आणि मी, शहाणा, त्यांना समजावायला बसलो. म्हटलं, नाना, हा फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जातो तेव्हा मधे कॉम्प्युटरच्या मेमरीतून जातो. तिथं एखादा ठिपका इकडचा तिकडं झाला तर साध्या मदरबोर्डाला पत्ताच लागत नाही. तो चुकलेलाच फोटो पुढं लिहितो. मोठ्या कंपन्यांत सर्व्हर असतात, त्यांचा बोर्ड वेगळा. त्याला वेगळी मेमरी बसते. ती आपण धरलेली गोष्ट ताडून बघते, चूक दिसली तर दुरुस्त करते, आणि नाहीच जमलं तर सांगते की बाबा, इथं चूक झाली.

नानांनी चहा खाली ठेवला. "म्हंजी, खोटं बोलत न्हाई?"

"नाही."

"मंग त्योच घ्यायचा. तेवीसच्या तेवीस डिस्का येका पेटीत, न् खाली त्यो बोर्ड. घरातच बसवू."

झालं. पुढचे आठ महिने माझ्या डोक्याला ताप.

मुलगी बघायला जातात तसं आम्ही बोर्ड बघत फिरलो. नानांनी शंभर पानी वही केली. बोर्डाचं नाव, मेमरी कोणती घेतो, डिस्का किती धरतो, वीज किती खातो, आणि शेवटचा रकाना 'आधी कुठं नांदला'. कारण नवा सर्व्हर बोर्ड परवडण्यातला नव्हता, कंपन्यांतून काढलेले जुनेच मिळतात. पहिला मी दाखवला तो साधाच, खेळ खेळणाऱ्या पोरांचा, रंगीत दिव्यांचा. "ह्यो बोर्ड हाय का गणपतीचा मांडव?" एवढंच म्हणून बाजूला सारला. दुसरा पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडचा, दोन प्रोसेसरचा, परातीएवढा. चालू केला तर पंखे मळणी यंत्रासारखे गरजले. नाना कानावर हात ठेवून म्हणाले, "काकूचं मला ऐकू येणार न्हाई," आणि मग जरा विचार करून, "ते येक बरंच हाय, पर वीज लई खाईल."

तिसरा बोर्ड मला पसंत होता. एकच प्रोसेसर, मेमरीच्या चार खाचा, आठ डिस्कांची सोय. पुन्हा पुण्याला गेलो. नानांनी पिशवीतून जुन्या निगेटिव्ह बघायचं भिंग काढलं आणि प्रोसेसर बसतो त्या जागेवरच्या केसाएवढ्या पिना बघायला बसले. एक तास. व्यापारी वैतागला. "बाबा, इतकी वर्षं धंदा करतोय, पिना मोजणारं गिऱ्हाईक नाही बघितलं."

"आमच्याकडं बैल घेतानी दात मोजत्यात," नाना म्हणाले. आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "ही बघा. डाव्या कोपऱ्यात. वाकलीय."

खरोखर वाकली होती. बोर्ड नाकारला. माझा अख्खा दिवस वाया गेलेला. चाकणच्या गर्दीत दोन तास अडकलो तरी मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. राजगुरूनगर मागं पडल्यावर त्यांनी मला खांद्यानं ढोसलं. "रागावला का राव? येक पिन वाकडी असली म्हंजी येक म्हातारी जाती त्यातनं. मंग तिच्या लेकाला तू सांगशील?"

मी काय सांगणार होतो, कप्पाळ!

शेवटी तशाच जातीचा दुसरा मिळाला. एका कॉलेजच्या लायब्ररीत चाललेला. ते ऐकल्यावर नानांनी भिंग काढलं खरं, पण मन आधीच बसलं होतं. "पुस्तकं सांभाळलीत न्हवं? मंग आपल्या घरी नांदंल." घरी आणल्यावर काकूंनी त्याला हळदकुंकू लावायला घेतलं तेव्हा मी ओरडलो म्हणून, नाहीतर पिनांतच कुंकू भरलं असतं. त्याला आवाजाची सोय नव्हती, स्पीकर जोडायची जागाच नाही, याचंही नानांना कौतुक. म्हणाले, "बरोबर हाय. त्याला गायाचं न्हाई, ध्यानात ठेवायचंय."

आता माझं सांगतो.

चूक पकडणाऱ्या मेमरीच्या दोन पट्ट्या मागवल्या होत्या. आल्या, आणि दोन्ही लावल्या तर पेटी चालूच होईना. एक पट्टी मेलेली, आणि एकीवर एवढं काम निभणार नव्हतं. बदलून यायला पंधरा दिवस. दिवस टोमॅटोच्या हंगामाचे. मार्केटातल्या साऱ्या गाळेवाल्यांची यंत्रं नेमकी तेव्हाच बंद पडतात. माझ्याकडं रांग लागलेली, आणि नाना रोज सकाळी काउंटरला टेकून उभे. "झालं का? आज तरी हुईल का?" आठ महिने मी या माणसाला झेललं होतं. त्या बोर्डाची एक खोड होती, तो साधी मेमरीही मुकाट घ्यायचा. ड्रॉवरमधे जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या दोन साध्या पट्ट्या पडल्या होत्या. त्या घातल्या. म्हटलं, पंधरा दिवसांनी बदलू, कुणाला कळतंय. मेमरी तपासायला एक दिवस लावायचा असतो, तोही लावला नाही.

दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या. चूक पकडणारीवर काळा चौकोन एक जास्त असतो, आठाच्या जागी नऊ. बाकी फरक नाही. पण पिना मोजणाऱ्या माणसानं चौकोनही मोजले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नाना यायच्या आधी मी झाकण लावून स्क्रू आवळून टाकले.

"मेमरी तीच ना?" त्यांनी विचारलं.

"तीच."

"मंग दाखवायची गरज न्हाई," नाना म्हणाले आणि पेटी लेकरासारखी उचलली.

अकरा दिवस त्यांनी जुन्या डिस्का पेटीतल्या नव्या, मोठ्या डिस्कांवर उतरवून घेतल्या. एक झाली की दुसरी. वीज गेली की बसून राहायचे, आली की पुन्हा. त्यानंतर चांगली पट्टी आली. धूळ झाडायच्या निमित्तानं मी डिंभ्याला गेलो आणि काकू चहा करायला आत गेल्या तेवढ्यात पट्ट्या बदलून टाकल्या. नाना अंगणात होते. आता पेटी खरी झाली, असं मी मनाशी म्हणालो. पण जे आत जायचं ते त्याआधीच जाऊन बसलं होतं. पुढं नानांनी पेटीला सगळं तपासायला लावलं तेव्हा तिनं 'चुका शून्य' असंच सांगितलं. आत येताना जे चुकीचं आलं तेच तिनं बरोबर म्हणून लिहून घेतलं होतं. ती तरी काय करणार? नानांनी त्या 'चुका शून्य'चा कागद छापून देव्हाऱ्यात ठेवला.

"जुन्या डिस्कांशी येकदा जुळवून बघू का?" त्यांनी मला विचारलं होतं. "येक येक फोटो. आठ-दहा दिस जातील, जाऊ दे."

मला पुन्हा त्या भानगडीत पडायचं नव्हतं. "नाना, तेवढ्यासाठीच तर सर्व्हरचा बोर्ड घेतला. जुळवायचं काय त्यात?"

आता तेवीस डिस्का मोकळ्या झाल्या. त्या तशाच कोठीत पडल्या असत्या तर आज मी हे लिहीत बसलो नसतो. पण काकूंना बाजरीला कोठी हवी होती, आणि नानांनाही वाटायला लागलं की एकाच माणसाचे दोन दोन चेहरे घरात ठेवू नयेत. भंगारात घाला म्हटलं तर भडकले. आळेफाट्याचा एक भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता, त्याला त्यांनी दारातून हाकललं. "देव्हाऱ्यातला देव भंगला तर तू भंगारात घालतो का रं? पाण्यात सोडत्यात त्याला."

आणि त्यांनी तेच ठरवलं.

गणपती होऊन आठवडा झाला होता. डिंभ्याचं धरण काठोकाठ. एका मासेमाऱ्याची होडी सांगितली, टोपलीत डिस्का, वर झेंडूची फुलं. मलाही बोलावलं, कारण बोर्ड माझ्या हातचा. होडीवाला म्हणाला, "नाना, आता मासं फोटो काढत्याल," आणि आम्ही तिघंही हसलो. मी हसलो. मला आठवतंय, मी चांगला मोठ्यानं हसलो.

मधोमध पोचल्यावर मला लहर आली. म्हटलं, "नाना, तुमचाच एक फोटो कुठं नाही. काढू?"

"माझा कशाला? मी काय म्हातारा हाय?"

"म्हातारी माणसं आधी," मी त्यांचंच वाक्य त्यांना मारलं.

तेव्हा मफलर सोडला, केस हातानं बसवले, टोपली मांडीवर घेतली आणि चेहरा सरळ धरला, जसा ते दुसऱ्यांना धरायला लावायचे. मी मोबाइल रोखला. आणि नेमकं तेव्हाच, माझ्याकडं थेट बघत, त्यांनी विचारलं, "सगळं नीट उतरलंय ना, राव?"

बोलायचं होतं तर ती वेळ होती. होडी थांबलेली, तेवीसच्या तेवीस डिस्का अजून टोपलीत. 'नाना, थांबा. पट्ट्या साध्या होत्या. एकदा जुळवून बघू,' एवढंच म्हणायचं होतं. ते चिडले असते, आठवडाभर बोलले नसते, पुन्हा भिंग घेऊन काउंटरवर बसले असते. बस. एवढंच झालं असतं.

"हो नाना, सगळं," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

मग त्यांनी एकेक डिस्क उचलली, तिच्यावरच्या चिठ्ठीवरची गावं मोठ्यानं वाचली, आणि सोडली. डिस्क तरंगत नाही, क्षणभरही नाही. तेविसावी सोडून त्यांनी पाण्याला हात जोडले.

थंडीत पहिला आला. मंचरकडचा द्राक्षबागवाला, आई गेलेली. नानांचा मला फोन, "जरा येतो का?" गेलो. घरच्या पेटीतून पेनड्राइव्हवर आणलेला फोटो स्टुडिओत उघडलेला. पडद्यावर म्हातारीचं कपाळ होतं, कुंकू होतं, डोळे होते, नाकापर्यंत सगळं ठीक. त्याखाली हिरव्या-जांभळ्या तिरक्या रेघा, आणि मग नुसता राखाडी पट्टा.

"डोळं हायती," नाना म्हणाले. "तोंड न्हाई."

मला त्याच क्षणी कळलं. आणि तोंडातून काय निघालं, तर, "जुनी डिस्कच खराब असणार, नाना. आपण उतरवली तेव्हाच."

पडताळून बघायला डिस्क कुठं होती? डिंभ्याच्या तळाला. त्या वेळी मला याचं बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. थू आहे माझ्यावर.

नानांनी मान हलवली. "आसंल. माझाच उशीर झाला." मग बाहेर जाऊन त्या माणसापुढं हात जोडले. "पावणं, माफी करा. माझ्या हातनं गेला फोटो."

तो माणूस "बरं" म्हणाला आणि पायरी उतरला. नाना किती तरी वेळ त्या पायरीकडं बघत बसले.

मग त्यांनी एकेक फोटो उघडायला घेतला. सगळे. किती होते ते मला विचारू नका. सकाळी बसायचे ते दिवेलागणीपर्यंत, डोळ्यांतून पाणी गळायचं. बिघडलेला चेहरा दिसला की वहीत नाव, गाव. तीच शंभर पानी वही. पुढून बोर्ड, मागून माणसं. शेकड्यात एखाददुसरा निघायचा, पण तो कुठं बसलाय हे उघडल्याशिवाय कळायचं नाही. यादी झाली तेव्हा मला दाखवायला आले. मी पानं नुसती चाळली. गावंच्या गावं होती.

"पेटी तर म्हणती चूक न्हाई," ते म्हणाले. "बोर्ड खोटं बोलत न्हाई. मंग माझंच काईतरी चुकलं. तार हलली का? का वीज गेली तवा?"

"असेल नाना," मी म्हणालो.

मग मोपेड निघाली. यादीतली जी माणसं जिवंत होती त्यांचा फोटो पुन्हा काढायचा, जी गेली त्यांच्या घरी भिंतीवर असेल तर त्या तसबिरीचा काढायचा. आधी लोकांना नवल वाटलं. मग म्हाताऱ्या बायका कुरकुरायला लागल्या. "येकदा काढला व्हता की! पुन्यांदा कशाला?"

"त्यो बिघडला, आत्ये."

"आता बया! माझाच बरा बिघडला?"

मांडवातलं हसणं राहिलं बाजूला. त्यात एका गावात नानांनी फोटो काढला आणि आठवड्याच्या आत तो म्हातारा गेला. नव्वदीचा होता, जायचाच होता. पण बोलवा झाला की नानांनी दुसऱ्यांदा कॅमेरा धरला की माणूस उरत नाही. दारं लागायला लागली. एका घरच्या सुनेनं "आमच्या म्हातारीला खायला आलाय का?" म्हणून त्यांच्या अंगावर पाणी टाकलं. ओल्या सदऱ्यानं नाना माझ्या दुकानात आले, कॅमेरा पुसला आणि म्हणाले, "तिचं बरोबर हाय. माझं काम मी नीट केलं असतं तर दारात कशाला गेलो असतो?"

सांगायला मला तेव्हाही तोंड होतं. पुढचे कितीतरी महिने होते. रोज ठरवायचो, उद्या. मग मनात यायचं, बाजारात कळेल, कोण आणून देईल यंत्रं दुरुस्तीला? पोरांची शाळा आहे, गाळ्याचं भाडं आहे. कारणं काय, मागाल तितकी मिळतात.

उन्हाळ्यात नाना गेले. भर दुपारी एका वस्तीवर दार उघडण्याची वाट बघत दोन तास ओट्यावर बसले, दार उघडलं नाही, म्हणून परत निघाले आणि वळणावर मोपेडवरून पडले. ऊन बाधलं म्हणाले, काहींच्या मते झटका आला. दोन दिवस दवाखान्यात होते. मी गेलो तेव्हा शुद्ध नव्हती. पिशवी उशाशी होती, त्यात वही. यादीतल्या निम्म्याअधिक नावांपुढं खुणा झालेल्या.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "दहाव्याला फोटो लागंल. सगळी पेटी धुंडाळली आमच्या पोरीनं, त्यांचा येकबी न्हाई. तुमच्याकडं हाय का?"

माझ्या मोबाइलमधे होता. होडीतला. स्वच्छ, लख्ख, एक ठिपका इकडचा तिकडं झालेला नाही.

फ्लेक्सवाल्यानं मांडीवरची टोपली कापून टाकली, मागचं पाणी काढून निळं आभाळ घातलं. घाटावर घोड नदीच्या काठाला तो उभा केला. चार गावं लोटली होती. ज्यांनी दारं लावली तेही आले. जो तो फ्लेक्सपुढं थांबायचा आणि म्हणायचा, "काय आलाय फोटो! कसलं समाधान हाय तोंडावर!" कुणीतरी विचारलं, कुणी काढला? तर होडीवाल्यानं माझ्याकडं बोट केलं. दोघांनी माझी पाठ थोपटली.

आठ दिवसांनी डिंभ्याला गेलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाटेत दोनदा गाडी थांबवून वाक्यं जुळवली. आत भिंतीवर तोच फोटो, चौकट केलेला. खाली पेटी चालूच होती. ती बंद करायची नाही, असं नानांनी सांगून ठेवलेलं. काकूंनी पाणी दिलं.

"काकू," मी सुरुवात केली, "ते फोटो बिघडले ना..."

"ऱ्हाऊ द्या वो आता," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, कुणाला हात हलवत परत धाडायचं न्हाई. तुमी मला न्हाई धाडलं. लई झालं." मग फोटोकडं बघत राहिल्या. "पर येक इचारू का? दुसऱ्याला तोंड मिटून घ्यायला सांगायचे. ह्यात त्यांचं तोंड उघडं हाय. काय बोलत व्हते तवा?"

"विचारत होते," मी म्हणालो. "सगळं नीट उतरलंय ना, असं."

"मंग? तुमी काय म्हणला?"

"हो म्हणालो."

काकूंनी मान डोलवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.